मृत्यूच्या कागदावरची चौथी ओळ

रुग्णालयात माणूस मरण पावला की डॉक्टरांना एक कागद भरावा लागतो. जन्म-मृत्यू नोंदणीच्या कायद्यात त्याला ‘नमुना ४’ म्हणतात. मृत्यू घरी झाला आणि शेवटच्या आजारात डॉक्टरांनी तपासलेलं असलं, तर ‘नमुना ४अ’. कागद लहान आहे, पण विचारपूर्वक आखलेला आहे. मृत्यूच्या कारणासाठी त्यात एकाखाली एक तीन ओळी असतात. पहिल्या ओळीत ज्यानं प्रत्यक्ष जीव घेतला ते कारण, दुसरीत ते कशातून उद्भवलं, आणि तिसरीत हे सगळं जिथून सुरू झालं ते मूळ कारण. ‘हृदय बंद पडलं’ एवढंच लिहून भागवू नये, अशी सूचनाही त्यावर असते, कारण शेवटी हृदय प्रत्येकाचंच बंद पडतं आणि त्यातून काहीच कळत नाही.

देशात नोंदल्या जाणाऱ्या मृत्यूंपैकी चौथा हिस्साही या कागदापर्यंत पोचत नाही. २०२१ साली हे प्रमाण सुमारे २३ टक्के होतं. बाकीच्यांची नोंद होते, दाखला मिळतो, पण डॉक्टरांनी तपासून लिहिलेलं कारण त्यामागे नसतं. आणि जिथे कागद नीट भरला जातो तिथेही तिसऱ्या ओळीवर तो थांबतो. पंच्याहत्तरीच्या माणसाच्या बाबतीत बहुधा तेवढं पुरतं. पंचविशीतल्या माणसाच्या बाबतीत मात्र खरं कारण चौथ्या ओळीत असतं, आणि ती ओळ कागदावर नाही.

ती ओळ कशी शोधायची हे पाहण्यासाठी गोंदिया जिल्हा घेऊ. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळा झालेला, आठ तालुक्यांचा, २०११च्या जनगणनेनुसार सव्वातेरा लाख वस्तीचा हा जिल्हा. एका बाजूला मध्य प्रदेशातलं बालाघाट, दुसऱ्या बाजूला छत्तीसगड. धान हे मुख्य पीक, मामा (माजी मालगुजारी) तलाव आणि बोड्या म्हणजे लहान तळी यांवर पोसलेलं. सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगाव या तालुक्यांत जंगल आणि विखुरलेले टोले, म्हणजे छोट्या वाड्या.

आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. तरुण वयातलं मरण सगळीकडून वाढत चाललंय, असं चित्र नाही. साथीचे रोग आणि बाळंतपण यांनी होणारे मृत्यू गेल्या काही दशकांत बरेच घटले. वाढ दिसते ती वेगळ्या ठिकाणी. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांत देशातल्या आत्महत्यांचं प्रमाण २०१७ साली लाखात ९.९ होतं, २०२२ साली १२.४ झालं. रस्ते अपघातांत २०२२ साली १,६८,४९१ माणसं गेली आणि त्यांतली ६६ टक्क्यांहून जास्त १८ ते ४५ वयाची होती. म्हणजे जे मृत्यू दवाखान्यात टळू शकत होते ते काही प्रमाणात टळले; ज्यांचं मूळ घरात, शेतात, रस्त्यावर आणि कामाच्या ठिकाणी आहे ते उरले, काही वाढले.

आता एक मृत्यू पायरीपायरीनं उलगडू. धानाच्या रोवणीचे दिवस आहेत आणि एका टोल्यावर सव्वीस वर्षांचा शेतकरी जमिनीवर अंथरूण टाकून झोपला आहे, असं धरून चालू. पहाटे त्याच्या पोटात दुखायला लागतं. अंगावर सूज नाही, जखम दिसत नाही. घरचे अपचन समजतात. तासाभरात पापण्या जड होतात, गिळता येत नाही, बोलणं अडखळतं. हा मण्यारीचा दंश आहे. मण्यार रात्री फिरते, झोपलेल्याला चावते आणि चावल्याचं बऱ्याचदा कळतही नाही. तिचं विष नसांच्या टोकांवर जिथून स्नायूंना हुकूम जातो तिथे काम करतं आणि शेवटी श्वासाचे स्नायू थांबवतं. प्रतिविष लवकर दिलं तर पुढचं नुकसान थांबतं, पण नसांचं जे झालं आहे ते त्यानं लगेच उलटत नाही. म्हणून अशा रुग्णाला कृत्रिम श्वास द्यावा लागतो, कधी काही दिवस. अंबू बॅगनं हातानं श्वास देत देत गोंदियाच्या वैद्यकीय महाविद्यालयापर्यंत नेलं तरी माणूस वाचू शकतो. पण त्यासाठी पहाटे पाचला कोणीतरी ओळखलं पाहिजे की हे अपचन नाही.

कागद भरला गेलाच तर पहिल्या ओळीत श्वसनक्रिया निकामी होणं येईल, दुसरीत विषबाधा, तिसरीत सर्पदंश. वैद्यकीयदृष्ट्या बिनचूक. आता आपण खाली जाऊ. तो जमिनीवर का झोपला होता? खाट नव्हती, किंवा होती ती म्हाताऱ्यांना दिली होती. मच्छरदाणी गादीखाली खोचून झोपलं तर मण्यार आत येत नाही. मलेरियाच्या या पट्ट्यात मच्छरदाण्या वाटल्याही जातात, पण दोन्ही कामं एकच जाळी करते हे किती घरांत सांगितलं गेलं? घरच्यांनी त्याला आधी कुठे नेलं? मांत्रिकाकडे, कारण मांत्रिक गावात आहे आणि गाडी गावात नाही. मांत्रिकाकडे जाणाऱ्यांना अडाणी म्हणणं मला पटत नाही. जवळ जे आहे तिथे माणूस आधी जातो. सर्पदंशाच्या मृत्यूत वाया गेलेले दोन-तीन तास अंधश्रद्धेच्या खात्यावर टाकले की अंतराचा हिशेब कोणी मागत नाही.

सर्पदंशाचा मृत्यू रात्री शेतातही होतो. कृषिपंपांना तीन फेजची वीज आळीपाळीनं मिळते, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. उन्हाळी धानाला पाणी द्यायचं तर रात्री धुऱ्यावरून, हातात बॅटरी घेऊन जावं लागतं. पीक पिकू लागलं की रानडुकरांसाठी जागल आलीच. विजेचं वेळापत्रक मुंबईत ठरतं आणि त्याचा परिणाम बांधीतल्या माणसाच्या पायावर होतो. राज्यात शेतीला दिवसा वीज देण्यासाठी सौर कृषी वाहिनी योजना चालू आहे. तिच्याकडे सिंचनाची योजना म्हणून पाहिलं जातं. मला ती जीव वाचवण्याची योजनाही वाटते.

या मृत्यूंची मोजणीच कशी चुकत होती, हेही इथे सांगण्यासारखं आहे. वर्षानुवर्षं सरकारी आकड्यांत देशभरात सर्पदंशाचे काही हजार मृत्यू दिसायचे, कारण ते रुग्णालयांतून येत. मग महानिबंधक कार्यालयाच्या नमुना नोंदणी योजनेतल्या घरांत प्रशिक्षित कर्मचारी गेले आणि मृत्यू कसा झाला, आधी काय दुखत होतं, कुठे नेलं, हे घरच्यांना विचारलं. ती उत्तरं डॉक्टरांनी वाचून कारण ठरवलं. त्यातून निघालं की २००० ते २०१९ या काळात दर वर्षी सरासरी ५८ हजार माणसं सर्पदंशानं गेली, बहुतेक खेड्यांतली, आणि यातले बहुसंख्य मृत्यू रुग्णालयाबाहेरचे. घरी जाऊन विचारल्याबरोबर आकडा कितीतरी पट झाला.

दुसरा मृत्यू इतका अचानक येत नाही. तो जन्मापासून सोबत असतो. पूर्व विदर्भात सिकलसेलचा जनुक मोठ्या प्रमाणावर आहे. गोंड, प्रधान, बौद्ध आणि इतरही समाजांत. काही समाजांत वाहकांचं प्रमाण शंभरात वीसच्या आसपास जातं. याचं कारण जंगल आणि मलेरिया. हा जनुक एकाच पालकाकडून आला तर मलेरियाच्या गंभीर आजारापासून थोडं संरक्षण मिळतं, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या तो टिकला. दोन्ही पालकांकडून आला तर आजार होतो. दोघे वाहक असतील तर प्रत्येक अपत्याच्या वेळी चारात एक शक्यता आजाराची असते. आजारी माणसाच्या तांबड्या पेशी प्राणवायू कमी पडला की विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मग हाडं फुटावीत तशा वेदना होतात, छातीत गुंतागुंत होते, प्लीहा निकामी होत जाते, साधा संसर्गही जिवावर बेततो.

वेदनेचा झटका कशानं येतो याची यादी वैद्यकीय पुस्तकात आहे: थंडी, शरीरातलं पाणी कमी होणं, अति श्रम, ताप. आता रोवणी आठवा. घोट्यापर्यंत गार चिखल, वरून पाऊस, दिवसभर वाकून परे लावणं, दुपारी उघडीप झाली की घाम. ती सगळी यादी एका दिवसाच्या मजुरीत बसते. ज्या तरुणीला हा आजार आहे तिनं हे काम टाळावं असा सल्ला बरोबर आहे. पण रोवणीच्या पंधरवड्यात जी मजुरी मिळते ती वर्षात पुन्हा त्या दरानं मिळत नाही.

हायड्रॉक्सीयुरिया नावाची गोळी रोज घेतली तर झटके कमी होतात, आयुष्य वाढतं. अधूनमधून रक्त तपासत राहावं लागतं. मुलगा शाळेत किंवा आश्रमशाळेत असतो तोवर तपासणी, समुपदेशन, गोळ्या यांचा धागा जुळलेला राहतो. अठराव्या वर्षी शाळा सुटते आणि बऱ्याचदा तो धागाही. तो नागपूरला बांधकामावर जातो, किंवा ती मिरची तोडायला तेलंगणात जाणाऱ्या टोळीसोबत. तिथल्या दवाखान्यात आपला आजार सांगायला कार्ड जवळ नसतं, आणि सांगितलं तर मुकादम कामावर घेणार नाही ही भीती असते. लग्न ठरतानाही आजार लपवला जातो, मुलीचा तर हमखास. मग गरोदरपणात, जेव्हा सगळ्यात जास्त जपायला हवं, तेव्हा सासरी कोणाला माहीतच नसतं. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७पर्यंत निर्मूलन हे त्याचं ध्येय. तपासणीचे आकडे मोठे होत जातील. मला काळजी वाटते ती तपासणीनंतरच्या माणसाची, जो पत्ता बदलतो.

आत्महत्येच्या नोंदीत तर एकच रकाना असतो. पोलीस मर्ग, म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद, दाखल करतात, पंचनामा होतो, आणि वर्षअखेर कारण म्हणून ‘कौटुंबिक समस्या’ किंवा ‘आजारपण’ लिहिलं जातं. २०२२च्या देशभरच्या आकड्यांत या दोनच शब्दांत निम्मे मृत्यू मावले. कौटुंबिक समस्या म्हणजे कर्ज, दारू, मारहाण, मोडलेलं लग्न, नोकरी न लागणं, यांपैकी काहीही. इथे चौथी ओळ किती कामाची असते हे श्रीलंकेनं दाखवलं. तोही भात पिकवणारा देश. १९९५च्या सुमारास तिथे आत्महत्यांचं प्रमाण लाखात ४७ पर्यंत गेलं होतं. अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्यानं बंदी आली आणि पुढच्या दोन दशकांत ते प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी उतरलं. भाताचं उत्पादन त्यामुळे घटलं नाही. माणसांची दुःखं काही संपली नव्हती. पण संतापाच्या किंवा निराशेच्या त्या तासाभरात जीवघेणं विष हाताशी नव्हतं, आणि तो तास सरला की बहुतेक माणसं जगतात. घरात फवारणीचं औषध कुलपात ठेवणं, शेजाऱ्याकडे ठेवणं, हे याच हिशेबातलं काम आहे. मन असह्य झालं असेल तर ‘टेलिमानस’च्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, मोफत, मराठीत बोलता येतं.

रस्त्याबद्दल थोडक्यात. नागपूर-रायपूर महामार्ग सडक अर्जुनी, देवरीतून जातो. दिवाळीनंतर मंडईचा, म्हणजे गावजत्रांचा, हंगाम येतो, गावोगाव रात्रभर नाटकं चालतात आणि एका मोटारसायकलवर तिघे परततात. हेल्मेट नव्हतं हे खरं. रात्री परतायला दुसरं वाहनही नव्हतं, हेही तितकंच खरं.

चौथी ओळ शोधण्याची पद्धत नव्यानं शोधायची गरज नाही. ती जिल्ह्यात वापरात आहे, फक्त एकाच प्रकारच्या मृत्यूसाठी. गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर ४२ दिवसांत बाई गेली की आशाताई चोवीस तासांत कळवते. मग पथक घरी जातं आणि सासू, नवरा, सोबत गेलेली शेजारीण यांना विचारतं: त्रास कधी सुरू झाला, न्यायचं कोणी आणि केव्हा ठरवलं, गाडी किती वेळानं आली, पहिल्या दवाखान्यात काय झालं, पुढे का पाठवलं. उशीर घरात झाला, वाटेत झाला की दवाखान्यात, हे वेगळं काढलं जातं. नावं गुप्त ठेवून जिल्हाधिकाऱ्यांपुढे प्रकरण येतं, आणि हेतू शिक्षा देण्याचा नसून पुढचा मृत्यू टाळण्याचा असतो. हे माता मृत्यू अन्वेषण देशात २०१०पासून चालू आहे. महाराष्ट्रात लाख जिवंत जन्मांमागे २००१-०३ साली १४९ माता जात, २०१८-२०मध्ये ३३. सगळं श्रेय या चौकशीचं नाही. दवाखान्यातली बाळंतपणं वाढली, १०८ची गाडी आली. पण गाडी कुठे उभी ठेवायची, रक्त कुठे साठवायचं, हे सांगायला घरून आलेली उत्तरं उपयोगी पडली.

हीच चौकशी पंधरा ते एकोणचाळीस वयातल्या प्रत्येक मृत्यूची व्हावी, असं मला वाटतं. गोंदियासारख्या जिल्ह्यात ते अवाक्यातलं आहे. फरक एवढाच की त्या बैठकीत आरोग्य खात्यासोबत महावितरणचा अभियंता, एसटीचा आगारप्रमुख, कृषी अधिकारी आणि पोलीस निरीक्षकही बसलेला असला पाहिजे, कारण उत्तरं त्यांच्याकडे आहेत.

तोवर घरच्यांच्या हातातही काही आहे. ऑक्टोबर २०२३पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार मृत्यूच्या कारणाच्या प्रमाणपत्राची प्रत रुग्णालयानं जवळच्या नातेवाइकाला मोफत द्यायची आहे. ती मागून घ्यावी, तीन ओळी वाचाव्यात आणि समजलं नाही तर विचारावं. सर्पदंश किंवा अपघात असेल तर शवविच्छेदन टाळू नये. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेचे दोन लाख रुपये याच कागदांवर अवलंबून असतात, आणि सव्विसाव्या वर्षी नवरा गमावलेल्या बाईला पुढचा हंगाम त्यावरच काढायचा असतो.