ढोलकी वाजते, पण घुमत नाही!

टॉवर स्पीकरचा बेस कमी पडला, तर खिशात हात घालण्याआधी काय तपासावे?

बोनसचे पैसे हातात पडले, की घरात एखादी हौसेची वस्तू येते. समजा, थोरल्या मुलाने ओळखीच्या माणसाकडून कंबरेएवढ्या उंचीच्या टॉवर स्पीकरची जुनी जोडी आणली. ॲम्प्लिफायर घरात होताच. वडिलांच्या आवडीचे जुने गाणे त्याने हौसेने लावले. गायकाचा आवाज स्वच्छ आला, झांज खणखणली, पेटीही ऐकू आली. पण ढोलकीच्या एका तोंडाचा टणत्कार तेवढा आला, दुसऱ्या तोंडाचा घुमारा कुठे गेला कोण जाणे! वडील म्हणाले, "अरे, यापेक्षा आपला जुना टेप बरा होता." पोराचा चेहरा उतरला.

मग सल्लागार गोळा होतात. एक म्हणतो, "वूफर गेलेत, बदलून टाक." दुसरा म्हणतो, "ॲम्प्लिफायरमध्ये दम नाही, नवा घे." तिसरा वेगळा सबवूफर आणायला सांगतो. आणि स्वयंपाकघरातून आई विचारते, "मग धाकटीच्या क्लासची फी कशातून भरायची?"

आईचा प्रश्न रास्त आहे. म्हणून वाचकहो, एक गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावी. बेस कमी येतो, एवढ्यावरून स्पीकर खराब आहे असे ठरत नाही. दोष वायरीत असू शकतो, बटणात असू शकतो, नाही तर स्पीकर ठेवलेल्या जागेत असू शकतो. हे तिन्ही दोष घरच्या घरी, एक पैसा न खर्चता शोधता येतात. तेव्हा फुकटची तपासणी आधी आणि पैशाची नंतर, हा क्रम सोडू नये.

खर्ज म्हणजे हवेचे ओझे

माणसाच्या कानाला सेकंदाला सुमारे 20 कंपनांपासून 20,000 कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. यातल्या खालच्या भागाला आपण खर्ज किंवा बेस म्हणतो. चार तारांच्या बेस गिटारची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे 41 वेळा कंप पावते. एवढ्या सावकाश कंपनाने आवाज काढायचा, तर पुष्कळ हवा ढकलावी लागते. बंद पेटीतल्या स्पीकरचे उदाहरण घ्या. कंपने निम्मी झाली आणि आवाज मात्र तेवढाच हवा असेल, तर पडद्याला, म्हणजे कोनला, चौपट पुढे-मागे हलावे लागते. म्हणून बेसचा कोन मोठा असतो आणि त्याला मोठी पेटी लागते.

कोन पुढे ढकलतो तेव्हा त्याच्या मागची हवा ओढली जाते. पुढची आणि मागची हवा एकमेकींत मिसळली, तर दोन्ही एकमेकींना मारतात आणि खर्ज संपतो. पेटीचे पहिले काम ही मिसळ थांबवण्याचे आहे. एवढे लक्षात राहिले, की पुढच्या सगळ्या तपासण्या आपोआप समजतील.

पहिली तपासणी : लाल आणि काळी

स्पीकरच्या मागे एक लाल आणि एक काळी पिन असते. ॲम्प्लिफायरलाही तशाच असतात. लाल ते लाल आणि काळी ते काळी, हा नियम दोन्ही स्पीकरना सारखाच पाळला गेला पाहिजे. एका स्पीकरची वायर उलटी लागली, तर एकाचा कोन बाहेर येतो त्याच क्षणी दुसऱ्याचा आत जातो. एक हवा ढकलतो, दुसरा तीच ओढतो. गायकाचा आवाज ऐकू येतो, पण तो मधोमध न वाटता इकडेतिकडे पसरल्यासारखा वाटतो आणि बेस मात्र गळून पडतो. जोडी नवी असो की जुनी, घाईत वायरी लावल्या की ही चूक सहज होते. दोन्ही वायरी एकाच रंगाच्या असल्या तर विचारायलाच नको. अशा जोडवायरीत बहुधा एका बाजूला रेघ किंवा खाच असते, ती पाहून खूण करावी.

कानाने पडताळायचे असेल, तर दोन्ही स्पीकर एकमेकांकडे तोंड करून वीतभर अंतरावर ठेवावेत. भरपूर ढोलकी किंवा ढोल असलेले गाणे मध्यम आवाजात लावावे आणि ऐकावे. मग ॲम्प्लिफायर बंद करून, त्याचा प्लग काढून, फक्त एका स्पीकरच्या दोन वायरींची अदलाबदल करावी आणि तेच गाणे पुन्हा ऐकावे. ज्या जोडणीत घुमारा जास्त, ती जोडणी बरोबर. फरक एवढा स्पष्ट असतो, की घरातल्या लहान मुलालाही तो सांगता येतो. वायरीचा एखादा केसासारखा धागा शेजारच्या पिनेला टेकत नाही ना, हेही याच वेळी पाहावे. तसा तो टेकला, तर ॲम्प्लिफायर बिघडू शकतो.

चार पिनांचा घोळ

काही टॉवर स्पीकरच्या मागे दोनऐवजी चार पिना असतात. बहुधा खालची जोडी वूफरची आणि वरची बारीक आवाजाच्या ट्वीटरची असते. या दोन जोड्या धातूच्या दोन लहान पट्ट्यांनी जोडलेल्या असतात. जुनी जोडी हातोहात फिरताना या पट्ट्या हरवतात. मग वरच्या पिनांना वायर लावली, की नुसता चरचरीत आवाज येतो, वूफर मुका राहतो. पट्ट्या नसतील तर तांब्याच्या वायरीचे दोन तुकडे सोलून लाल ते लाल आणि काळी ते काळी असे घट्ट जोडावेत. काम झाले.

पेन्सिल सेलची परीक्षा

टॉवरमध्ये दोन वूफर असतील, तर एक बारीक शक्यता उरते. आधीच्या दुरुस्तीत एका वूफरची आतली वायर उलटी लागलेली असू शकते. मग एकाच पेटीत दोन वूफर एकमेकांशी भांडत राहतात. हे पाहायला दीड व्होल्टचा साधा पेन्सिल सेल पुरे. स्पीकर ॲम्प्लिफायरपासून पूर्ण सोडवावा. सेलचे धन टोक लाल पिनेला आणि ऋण टोक काळ्या पिनेला क्षणभर टेकवावे. "टप्" असा आवाज येऊन वूफरचे कोन बाहेरच्या दिशेने हलले पाहिजेत. एक बाहेर आणि एक आत गेला, तर उलट्या वायरीचा चोर सापडला. एखादा हललाच नाही, तर त्याची कॉइल किंवा आतली वायर तुटलेली असू शकते. यासाठी दीड व्होल्टपेक्षा मोठी बॅटरी वापरू नये.

बटणे आणि मोबाईल

वायरी ठीक असतील, तर आवाज कुठून येतो ते पाहावे. मोबाईलमध्ये इक्वलायझर चालू असतो, टीव्हीत संवाद स्पष्ट ऐकू यावेत म्हणून बेस कापणारी सेटिंग असते. ती बंद करावी. होम थिएटरच्या ॲम्प्लिफायरमध्ये आणखी एक गोम असते. त्याच्या सेटिंगमध्ये पुढच्या स्पीकरना 'स्मॉल' ठरवले असेल, तर साधारण 80 कंपनांखालचा आवाज तो सबवूफरकडे पाठवतो. सबवूफर घरात नसेल आणि ॲम्प्लिफायरला मात्र तो आहे असे वाटत असेल, तर तो खर्ज कुणाच्याच वाट्याला येत नाही. अशा वेळी सबवूफर 'नाही' आणि स्पीकर 'लार्ज' असे ठरवून पाहावे.

आपल्या कानाचाही यात हात असतो. फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकेतल्या दोन शास्त्रज्ञांनी 1933 मध्ये दाखवून दिले, की आवाज हळू केला की खर्ज आपल्या कानाला इतर आवाजांपेक्षा जास्त कमी भासतो. कित्येक ॲम्प्लिफायरवर 'लाउडनेस'चे बटण असते ते याचसाठी. रात्री हळू आवाजात ऐकताना ते दाबावे.

बेसचे बटण मात्र शेवटपर्यंत पिळू नये. बेस 10 डेसिबलने वाढवायचा तर ॲम्प्लिफायरला दहापट ताकद लावावी लागते. ती त्याच्यापाशी नसेल तर आवाज फाटतो आणि स्पीकरच्या कॉइल तापून जळण्याची भीती असते.

दहा बाय बाराच्या खोलीत

आता जागेचा विचार करू. 50 कंपनांच्या आवाजाची एक लाट जवळपास 22 फूट लांब असते. आपली खोली दहा बाय बारा फुटांची. अशा खोलीत खर्ज भिंतींवर आपटून परत येतो. मग काही जागी तो दुप्पट वाटतो आणि काही जागी नाहीसा होतो. 12 फूट लांबीच्या खोलीत साधारण 47 कंपनांचा आवाज दोन्ही टोकांच्या भिंतींजवळ जोरात असतो आणि बरोबर मधोमध सर्वांत क्षीण. नेमकी तिथेच आपली खुर्ची असते! स्पीकर दमदार असूनही ऐकणारा खड्ड्यात बसलेला असतो.

याची खात्री करणे सोपे आहे. गाणे लावून खोलीत हळूहळू फिरावे, भिंतीजवळ आणि कोपऱ्यात कान द्यावा. तिथे बेस भरपूर येत असेल, तर स्पीकर निर्दोष आहेत. खुर्ची मागच्या भिंतीकडे फूट-दीड फूट सरकवावी. स्पीकर भिंतीपासून फार पुढे असतील तर थोडे मागे न्यावेत. भिंत जवळ आली की बेस वाढतो, कोपरा जवळ आला की आणखी वाढतो. अगदी कोपऱ्यात कोंबले, तर मात्र आवाज गढूळ होतो. एका वेळी चार बोटे सरकवून ऐकावे.

पत्र्याच्या किंवा प्लायवुडच्या भिंती असतील, तर एक गोष्ट मान्य करावी लागते. वीट आणि काँक्रीटची भिंत खर्ज अडवून परत पाठवते, हलकी भिंत तो बाहेर जाऊ देते. अशा घरात तीच जोडी जरा पोकळ वाजते, त्यात स्पीकरचा दोष नाही.

पेटीचे भोक आणि कोनची कडा

पुष्कळ टॉवरच्या पुढे किंवा मागे एक गोल भोक असते. बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की ती घुमते, त्याच तत्त्वावर हे भोक खालचा खर्ज वाढवते. त्यात पोराने मोजा किंवा कागदाचा बोळा कोंबला असेल, तर तो काढावा. मागचे भोक भिंतीला चिकटले असेल, तर स्पीकर वीतभर पुढे घ्यावा. पेटीचे प्लायवुड सुटले असेल किंवा वूफरचे स्क्रू ढिले असतील, तर फटीतून हवा निसटते. स्क्रू हलक्या हाताने आवळावेत, फट लाकडाच्या गोंदाने बुजवावी.

मग समोरची जाळी काढून वूफरच्या कडेची गोल पट्टी पाहावी. जुन्या स्पीकरमध्ये ती फोमची असते आणि दहा-पंधरा वर्षांत तिचा भुगा होऊ लागतो. आपल्या दमट हवेत तर लवकरच. बोटाने भुगा सुटला, तर खरा दोष सापडला. तरीही वूफर फेकू नये. नुसती कडेची पट्टी बदलता येते. कोन दोन्ही बाजूंनी बोटांनी समतोल दाबून हळूच आत ढकलावा. खरखर ऐकू आली, तर कॉइल घासते आहे. मल्टिमीटर असेल, तर वूफरच्या वायरी सोडवून मोजावे. 8 ओहमचा वूफर साधारण 6 ओहमच्या आसपास दाखवतो. काटा हललाच नाही किंवा आकडा आलाच नाही, तर कॉइल तुटली आहे.

एवढे करूनही दोष मिळाला नाही, तर खुशाल कारागिराकडे जावे. पण त्याच्यासमोर "बेस येत नाही, बघा" एवढेच म्हणू नये. काय काय तपासले ते सांगावे आणि "कोणता भाग खराब आहे तो दाखवा" असे विचारावे. चांगला कारागीर अशा गिऱ्हाइकाला मान देतो, आणि वाईट कारागीर त्याला फसवायला कचरतो. ॲम्प्लिफायर मात्र घरी उघडू नये. प्लग काढल्यानंतरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असते.

शेवटी शेजाऱ्यांविषयी. बारीक आवाज भिंत अडवते, खर्ज भिंतीतून पलीकडे जातो. पलीकडच्या खोलीत कुणी रात्रपाळी करून झोपलेला असतो, कुणाची परीक्षा असते. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा 55 आणि रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत 45 डेसिबल आहे. बेस परत आला म्हणून तो साऱ्या चाळीला ऐकवण्याची गरज नाही.

आता त्या घरी परत जाऊ. मुलाने स्पीकर फिरवून पाहिले. उजव्या स्पीकरची वायर उलटी लागली होती. अदलाबदलीला दोन मिनिटे लागली. तेच गाणे पुन्हा लागले आणि ढोलकीचे दुसरे तोंड बोलू लागले. वडिलांनी काही न बोलता मांडीवर ठेका धरला. क्लासची फी डब्यात होती तशीच राहिली.