मैना आणि महाराष्ट्र

शाहीर अण्णाभाऊ साठे यांची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड सुरुवातीच्या कडव्यांपुरती ऐकली तर निव्वळ विरहगीत वाटते. पोटासाठी मुंबईला निघालेला नवरा, निरोप देताना हिरमुसलेली बायको, तिच्या रूपाचे भरभरून वर्णन. रंग सगळा लावणीचा. फरक एवढाच, की लावणीत झुरते ती बहुधा बाई. इथे झुरतो पुरुष. आणि दैवाला बोल न लावता, ताटातूट गरिबीने केली हे तो आडपडदा न ठेवता सांगतो.

हे दुःख एकट्याचे नव्हते. गिरण्यांच्या मुंबईत सातारा-रत्नागिरीकडचे गडी एकेका खोलीत दाटीवाटीने राहत, खानावळीत जेवत, बायकामुले गावी. वाटेगावात १९२० साली जन्मलेले अण्णाभाऊ स्वतः या शहरात राबले होते.

गाण्यातली सर्वांत बोलकी जागा दागिन्यांची. निघताना नवरा बायकोला कोल्हापुरी साज, वज्रटीक, पुतळ्यांची माळ, नथ असे एकेक कबूल करत जातो. वरवर हा शृंगाराचा थाट. पण गाव सोडल्याशिवाय ज्याला भाकरी मिळत नाही, त्याच्या तोंडी ही यादी जसजशी लांबते तसतशी त्याची कंगाली उघडी पडते. मुंबईत तो भरती होतो तोही बेकारांच्या गर्दीत.

मग गाणे वळते. बेळगाव, कारवार, निपाणी, गोव्यासह मराठी भाषकांचे एक राज्य मागणारी संयुक्त महाराष्ट्राची चळवळ त्यात येते, आणि मैना जशी दुरावली, तशीच गत खंडित महाराष्ट्राची झाली, असे शाहीर म्हणतो. कागदावर हा सांधा ओढूनताणून जुळवल्यासारखा वाटेल. संयुक्त महाराष्ट्राच्या सभेत तसा वाटण्याचे कारण नव्हते. १९५६च्या राज्य पुनर्रचनेत सीमाभाग म्हैसूर राज्यात गेला होता, आणि समोर बसलेल्या कामगाराला दुरावा म्हणजे काय हे कुणी शिकवायला नको होते. घरची कळ आधी जागवली, म्हणून नकाशावरची रेघ त्याला झोंबली. नवरा-बायकोची भेट गाण्यात होतच नाही. गोड शेवट टाळून अण्णाभाऊ थेट लढ्यातून मागे न हटण्याची हाक देतात.

१ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य झाले. बेळगाव, कारवार, निपाणी बाहेरच राहिले. १९६७च्या जनमत कौलात गोव्यानेही वेगळे राहणे पसंत केले.