ताप उतरल्यानंतर

माझ्या केसपेपरवर रक्तदाब, साखर, तंबाखू या रकान्यांच्या खाली मी आणखी एक रकाना वाढवला आहे : ‘गेल्या वर्षभरात मोठा ताप?’ छातीत दुखतं म्हणून आलेल्या माणसाला त्याचं कारण लगेच कळत नाही. ‘मॅडम, त्यो ताप दिवाळीतच उतरला की,’ असं उत्तर येतं. ताप उतरला, हे खरंच. पण विषाणूने आणि त्याने पेटवलेल्या दाहाने आतल्या रक्तवाहिन्यांचं काय केलं, ते थर्मामीटर सांगत नाही. कऱ्हाड तालुक्यात माझी जनरल प्रॅक्टिस आहे, आणि हा प्रश्न प्रत्येक दवाखान्यात विचारला जावा असं मला मनापासून वाटतं.

रक्तवाहिनीला आतून जेमतेम एका पेशीच्या जाडीचं अस्तर असतं. त्याला एंडोथेलियम म्हणतात. आमच्याकडे शेततळी पुष्कळ, त्यामुळे मी सांगते : तळ्यात कागद अंथरता, तसं हे अस्तर. कागद फाटला की पाणी मुरतं. फरक असा, की हा कागद जिवंत आहे आणि सतत काम करतो. १९८० साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये रॉबर्ट फर्चगॉट यांनी सशाच्या महाधमनीच्या पट्ट्यांवर ॲसिटिलकोलिन टाकलं. अस्तर शाबूत असलेली पट्टी सैलावली. अस्तर घासून काढलेली पट्टी उलट आकसली. म्हणजे वाहिनीला ‘सैल हो’ हा निरोप तिचं अस्तरच देतं. तो निरोप म्हणजे नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू, हे पुढे सिद्ध झालं आणि १९९८ चं नोबेल पारितोषिक फर्चगॉट, इग्नॅरो आणि मुराद यांना मिळालं. हेच अस्तर रक्ताची गुठळी होऊ देत नाही आणि कुठल्या पेशीने वाहिनीबाहेर जायचं, यावरही लक्ष ठेवतं. ते बिघडलं की वाहिनी आकसते, रक्त चिकट होतं, भिंतीत दाह मुरतो.

कोरोनाने हे सगळं उघड्यावर आणलं. एप्रिल २०२० मध्ये झुरिकच्या विद्यापीठ रुग्णालयातल्या डॉक्टरांनी मृत रुग्णांच्या ऊतींची तपासणी ‘लॅन्सेट’मध्ये मांडली : फुप्फुसाबरोबरच इतर अवयवांतल्या रक्तवाहिन्यांचं अस्तरही सुजलेलं होतं. तोवर आपण याला न्यूमोनियाच समजत होतो. मग प्रश्न आला, की जे बरे झाले त्यांचं काय? पॅरिसच्या रोझा मारिया ब्रुनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १६ देशांतल्या सुमारे २,४०० लोकांच्या धमन्यांचा ताठरपणा मोजला. मानेतल्या धमनीपासून जांघेतल्या धमनीपर्यंत नाडीची लाट किती वेगाने पोहोचते, ते पाहायचं. वेग जास्त, तर धमनी ताठ. संसर्गानंतर साधारण सहा महिन्यांनी, घरीच बऱ्या झालेल्या स्त्रियांमध्येसुद्धा हा वेग संसर्ग न झालेल्या स्त्रियांपेक्षा सेकंदाला सरासरी ०.५५ मीटर जास्त निघाला. अतिदक्षता विभागात राहिलेल्या स्त्रियांमध्ये १.०९ मीटर. अर्ध्या मीटरचा फरक म्हणजे धमनीचं वय साधारण पाच वर्षांनी वाढल्यासारखं. पुरुषांत असा ठळक फरक दिसला नाही. लस घेतलेल्या स्त्रियांच्या धमन्या न घेतलेल्यांपेक्षा कमी ताठ होत्या, आणि पुढच्या महिन्यांत हा ताठरपणा वाढत गेला नाही, थोडा ओसरलाही. हे निष्कर्ष २०२५ मध्ये ‘युरोपियन हार्ट जर्नल’मध्ये आले.

मला यातली बायकांची गोष्ट फार लागते. तापातून उठलेली बाई दुसऱ्या दिवशी चुलीपाशी आणि तिसऱ्या दिवशी भांगलणीला असते. दम लागतो म्हणाली तर घरचे ‘अशक्तपणा आहे’ म्हणतात आणि ती सलाईन मागायला येते. तिचा रक्तदाबही कोणी मोजलेला नसतो.

हा दोष एकट्या कोरोनाचा नाही. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवलं, की प्रयोगशाळेत सिद्ध झालेल्या फ्लूनंतरच्या सात दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याचा धोका एरवीच्या सहापट असतो. नागिणीनंतर पक्षाघाताचा धोका काही काळ वाढतो. कांजिण्यांनंतरच्या महिन्यांत लहान मुलांच्या मेंदूच्या धमन्या अरुंद होऊन पक्षाघात झाल्याचीही उदाहरणं आहेत, विरळ असली तरी. डेंगीत अस्तर गळू लागतं, रक्तातलं पाणी वाहिनीबाहेर झिरपतं आणि बहुतेकांत एकदोन दिवसांत ही गळती थांबते.

आता ज्याने मी अस्वस्थ होते ते सांगते. फ्लूच्या तापात अंग ठणकतं, माणूस म्हणतो, ‘एक सुई मारा, उद्या ट्रॅक्टरवर बसायचंय.’ ती सुई बहुधा डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामकाची असते. तैवानमध्ये हृदयविकाराचा झटका आलेल्या सुमारे १०,००० रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. श्वसनमार्गाच्या संसर्गात या जातीची औषधं घेतलेल्या दिवसांत झटक्याचा धोका एरवीच्या तिपटीहून जास्त दिसला, आणि इंजेक्शनने घेतल्यास सुमारे सातपट. नोंदींवरून कार्यकारणभाव पक्का होत नाही, हे मान्य. तरी चाळिशीपुढच्या, रक्तदाब किंवा साखर असलेल्या माणसाला तापात ही सुई देणं मला पटत नाही. पॅरासिटामॉल, पाणी आणि विश्रांती यांवर भागतं. दुसरी सवयही तितकीच वाईट : ताप आला की रक्तदाबाच्या गोळ्या ‘उष्ण पडतात’ म्हणून आपणच बंद करायच्या. अस्तराला सर्वांत जास्त आधार लागतो त्याच आठवड्यात आपण तो काढून घेतो.

लशीबद्दलही बोललं पाहिजे, कारण पारावरच्या गप्पांत तरुण माणसाच्या अचानक मृत्यूचं खापर लशीवर फुटतं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने देशभरातल्या ४७ रुग्णालयांतून १८ ते ४५ वयाच्या लोकांच्या अचानक मृत्यूंचा अभ्यास केला. २०२३ मध्ये आलेल्या त्या निष्कर्षांनुसार लशीने धोका वाढला नव्हता. दोन डोस घेतलेल्यांत तो कमी होता. धोका वाढवणाऱ्या गोष्टी वेगळ्या होत्या : कोरोनासाठी रुग्णालयात दाखल व्हावं लागणं, घरात अचानक मृत्यूचा इतिहास, आधीच्या ४८ तासांतलं बेसुमार मद्यपान किंवा अतिश्रम. मोठ्या आजारातून उठून लगेच कबड्डीच्या मैदानात उतरणाऱ्या पोरांच्या आईवडिलांना मी हे मुद्दाम सांगते.

यासाठी महागडी ‘हार्ट पॅकेजं’ करायची गरज नाही. मोठ्या तापानंतर महिन्याने रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल बघा. चालणं हळूहळू वाढवा. तंबाखू सोडायला याहून चांगली वेळ नाही, कारण अस्तराला तीही तितकीच जाळते. साठीपुढच्या आणि हृदयविकार असलेल्या माणसांनी फ्लूच्या लशीबद्दल आपल्या डॉक्टरांना विचारा. झटक्यानंतर लगेच ती लस दिलेल्या रुग्णांत वर्षभरातले मृत्यू कमी झाल्याचं २०२१ च्या एका मोठ्या चाचणीत दिसलं आहे. आणि तापानंतरच्या आठवड्यांत छाती भरून आली, पोटरी एकाच बाजूला सुजली, तोंड वाकडं झालं किंवा हात लुळा पडला, तर ‘अशक्तपणा असेल’ म्हणून सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा. ती रुग्णवाहिका मोफत आहे आणि रात्रीही येते.