चिमाबुए : कीर्ती आणि कागद

इटलीतील पिसा हे गाव जगाला ठाऊक आहे ते झुकत्या मनोऱ्यामुळे. हा मनोरा म्हणजे वस्तुतः शेजारच्या कॅथेड्रलचे घंटाघर. मनोऱ्याला हात टेकवल्याचे छायाचित्र काढून बहुतेक प्रवासी परत फिरतात. त्या कॅथेड्रलच्या जुन्या जमाखर्चात सप्टेंबर १३०१ ते फेब्रुवारी १३०२ या सहा महिन्यांत एका कारागिराला दिलेल्या मजुरीच्या नोंदी आहेत. कारागिराचे नाव चिमाबुए. मुख्य वेदीमागच्या अर्धघुमटात, रंगीत काचांच्या बारीक तुकड्यांनी, म्हणजे मोझेक पद्धतीने, संत योहानाची आकृती घडविण्याचे हे काम होते.

युरोपीय चित्रकलेचे इतिहासग्रंथ ज्या नावापासून आरंभ करतात ते हेच नाव. आणि या थोर चित्रकाराचे, कागदाने सिद्ध होणारे व आज अस्तित्वात असलेले काम एवढे एकच आहे. फ्लोरेन्स, असिसी, लंडन, पॅरिस येथे त्याच्या नावाने दाखविली जाणारी बाकीची सर्व चित्रे अभ्यासकांनी शैलीच्या साम्यावरून त्याच्या नावे जमा केलेली आहेत.

चिमाबुए हे टोपणनाव. खरे नाव चेन्नी दी पेपो. टोपणनावाचा अर्थ ‘बैलाचे डोके’ असा लावतात. जन्म फ्लोरेन्समध्ये, १२४० च्या सुमारास. १२७२ साली रोममधील एका दस्तात साक्षीदार म्हणून त्याचे नाव येते. १३०१ मध्ये पिसा येथील संत क्लारा रुग्णालयाच्या वेदीचित्राचा करार त्याने केला, परंतु ते चित्र आज नाही. १३०२ च्या कागदपत्रांत त्याचा उल्लेख दिवंगत म्हणून होतो. साठेक वर्षांच्या आयुष्याचा पुरावा जवळजवळ इतकाच.

कागद अपुरे असले की कथा पुढे सरसावतात. जोर्जो वासारी याने १५५० साली चित्रकारांची चरित्रे प्रसिद्ध केली आणि पहिले चरित्र चिमाबुएचे लिहिले. मेंढपाळाचा मुलगा जोत्तो रानात दगडावर मेंढीचे चित्र काढत बसला होता, ते पाहून चिमाबुएने त्याला शिष्य केले, ही प्रसिद्ध गोष्ट वासारीने रंगवून सांगितली. गोष्ट गोड आहे, खरी असेलच असे नाही. दुसरी कथा अधिक बोलकी आहे. फ्लोरेन्सच्या एका चर्चसाठी चिमाबुएने मरियेचे भव्य चित्र काढले. ते पाहण्यास खुद्द राजा चार्ल्स आला, आणि लोकांनी वाजतगाजत मिरवणुकीने ते चित्र चर्चमध्ये नेले, असे वासारी लिहितो. शतकानुशतके वाचकांनी यावर विश्वास ठेवला. पुढे १५ एप्रिल १२८५ चा करारनामा अभ्यासकांच्या नजरेस आला. एका भक्तमंडळाने १५० लिरांच्या मोबदल्यात असे चित्र काढण्याचे काम सिएना गावच्या दुच्चो नावाच्या चित्रकाराला दिले होते. चित्र पसंत न पडल्यास ते नाकारण्याचा हक्कही मंडळाने राखून ठेवला होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा करार त्याच चित्राचा असल्याचे मांडले गेले आणि आता ते सर्वमान्य आहे. म्हणजे ज्या चित्रामुळे चिमाबुएचा सर्वाधिक जयजयकार झाला ते त्याचे नव्हतेच. अडीचशे वर्षांनंतरच्या स्तुतीपेक्षा समकालीन करार भारी ठरला, हे योग्यच झाले.

वासारीच्या कितीतरी आधी, चिमाबुएच्या मृत्यूनंतर काही वर्षांतच, त्याचे नाव एका महान काव्यात आले होते. दान्ते हा चिमाबुएच्याच गावचा, वयाने सुमारे पंचवीस वर्षांनी लहान. त्याच्या ‘डिव्हाइन कॉमेडी’त शुद्धिपर्वताचा प्रवास आहे. तेथे जीव एकेक दोष क्षीण करीत वर चढतात. अगदी पहिली पायरी गर्वाची. अहंकारी जीव पाठीवर प्रचंड शिळा घेऊन वाकलेले आहेत. त्यांत ओदेरिसी नावाचा पोथ्या रंगविणारा चित्रकार आहे. मानवी कीर्ती किती अल्पकाळ टिकते हे सांगताना तो आधी स्वतःचेच उदाहरण देतो की, आता बोलोन्याच्या फ्रांकोची पाने अधिक उजळ दिसतात. मग तो चिमाबुएचे नाव घेतो. चित्रकलेचे मैदान आपले आहे असे त्याला वाटत होते, आता गाजावाजा जोत्तोचा आहे, असा त्याच्या बोलण्याचा आशय. क्रोध, मान, माया, लोभ या चार कषायांची नावे बालपणापासून ऐकत आलेल्या जैन वाचकाला हा प्रसंग परका वाटणार नाही. दान्तेनेही मानाचा निकाल सर्वांत आधी लावला आहे.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. दान्तेने चिमाबुएला शिळेखाली उभे केलेले नाही. केवळ त्याचे नाव उच्चारले आहे. त्याला गर्विष्ठ ठरविले ते काव्याच्या टीकाकारांनी. चौदाव्या शतकातील एका भाष्यकाराने लिहून ठेवले की, कोणी चित्रात दोष दाखविला अथवा त्याला स्वतःलाच दोष दिसला, तर काम कितीही मोलाचे असो, चिमाबुए ते तत्क्षणी टाकून देई. भाष्यकाराने हे मानाचे लक्षण म्हणून सांगितले. पण स्वतःच्या कामातील दोष स्वतःला दिसणे आणि ते काम खपवून न देणे, याला केवळ गर्व म्हणावे काय? दुसऱ्याने दाखविलेला दोष सहन न होणे हा मान खराच. स्वतःला दिसलेला दोष सहन न होणे ही वेगळी गोष्ट आहे. भाष्यकाराने दोन्ही एकाच रकान्यात टाकल्या.

चिमाबुएचे सर्वांत मोठे काम असिसी येथे आहे. असिसीचा संत फ्रान्सिस हा सधन कापडव्यापाऱ्याचा मुलगा. त्याने पित्याची संपत्ती आणि अंगावरची वस्त्रेही परत करून अकिंचन जीवन पत्करले. १२२६ साली तो निवर्तला आणि दोनच वर्षांत त्याच्या नावाच्या विशाल चर्चची पायाभरणी झाली. अपरिग्रही संताच्या समाधीवर असे वैभव उभे राहावे हा विरोधाभास जगात सर्वत्र दिसतो, आपल्याकडेही. या चर्चच्या वरच्या मजल्यावर, वेदीच्या भोवतीच्या भिंती आणि छत चिमाबुए व त्याच्या सहकाऱ्यांनी तेराव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत रंगविले.

फ्रेस्को पद्धतीत भिंतीवर चुन्याचा ओला गिलावा द्यायचा आणि तो ओला असतानाच पाण्यात कालवलेला रंग लावायचा. चुना वाळताना हवेशी संयोग पावून कठीण होतो आणि रंग त्यात कायमचा बद्ध होतो. एका दिवसात जेवढे रंगवून होईल तेवढाच गिलावा द्यावा लागतो. काही भाग मात्र गिलावा सुकल्यावर रंगविले जात. असिसीत असे भाग पुष्कळ होते आणि उजळपणासाठी शिशाचा सफेदा वापरलेला होता. भिंतीवर कालांतराने हा सफेदा काळा पडतो. परिणाम विलक्षण झाला. चेहऱ्यावरचा उजेड काळा झाला आणि छायेचा भाग फिकट राहिला. क्रूसावरील येशूचा भव्य प्रसंग आज छायाचित्राच्या निगेटिव्हसारखा दिसतो. तरीही क्रूसाखाली दोन्ही हात वर फेकून आक्रोश करणारी स्त्री पाहणाऱ्याला थांबवते. रंग उलटे झाले, शोक उलटा झाला नाही.

२६ सप्टेंबर १९९७ रोजी भूकंप झाला. रात्रीच्या धक्क्याने झालेली हानी पाहण्यासाठी सकाळी माणसे आत गेली असता दुसरा धक्का बसला. छताचे भाग कोसळून दोन फ्रान्सिस्कन साधू आणि दोन तंत्रज्ञ मृत्युमुखी पडले. चिमाबुएने रंगविलेला संत मत्तय हजारो तुकड्यांच्या रूपाने जमिनीवर आला. ढिगारा चाळून तुकडे वेचण्यात आणि जुळविण्यात कित्येक वर्षे गेली. जेवढे जुळले तेवढे परत छतावर बसविले आहे.

त्याआधी ४ नोव्हेंबर १९६६ रोजी फ्लोरेन्समध्ये आर्नो नदीला महापूर आला होता. सांता क्रोचे चर्चमधील चिमाबुएचा लाकडी क्रूस, उंची सुमारे साडेचार मीटर, चिखल व तेल मिसळलेल्या पाण्यात बुडाला आणि त्याचा जवळजवळ ६० टक्के रंग नष्ट झाला. दुरुस्तीला दहा वर्षे लागली. जुनी छायाचित्रे उपलब्ध होती. चेहरा पुन्हा पहिल्यासारखा रंगविणे कुशल हातांना अशक्य नव्हते. दुरुस्ती करणाऱ्यांनी ते केले नाही. जेथे मूळ रंग उरला तो तसाच ठेवला. जेथे गेला तेथे, मूळ रंगांशी मेळ राखणाऱ्या बारीक रंगीत रेषांची जाळी भरली. दुरून पाहता क्रूस एकसंध भासतो. जवळ जाताच कोणता भाग गेलेला आहे हे स्वच्छ दिसते. या रेषाही मूळ चित्रात ढवळाढवळच आहेत असे काही तज्ज्ञांचे म्हणणे होते. हिशेबाच्या भाषेत मात्र बुडालेली रक्कम बुडीत म्हणूनच दाखविली गेली. ताळेबंद सजविला नाही.

२०१९ साली पॅरिसच्या उत्तरेस काँपिएन्य गावी एका वृद्ध महिलेच्या घरातील सामानाची मोजदाद चालू होती. स्वयंपाकघराजवळ, शेगडीच्या वर, एक हातभराहूनही लहान लाकडी चित्र टांगलेले होते. घरच्यांच्या लेखी ती एक जुनी धार्मिक तसबीर. येशूची विटंबना हा त्याचा विषय. लंडन आणि न्यूयॉर्क येथील चिमाबुएच्या मानल्या जाणाऱ्या दोन लहान चित्रांशी त्याच्या फळीतील किडीने पोखरलेल्या वाटा जुळल्या. एकाच फळीच्या मूळ संचातून ही चित्रे कापली गेली होती. येथे साक्ष दिली ती लाकूड खाणाऱ्या किड्याने! लिलावात अंदाज चाळीस ते साठ लाख युरोंचा होता, किंमत आली २ कोटी ४० लाखांहून अधिक. फ्रान्स सरकारने चित्र देशाबाहेर जाऊ दिले नाही आणि २०२३ मध्ये ते लूव्र संग्रहालयाने मिळविले.

पिसाच्या कॅथेड्रलला १५९५ मध्ये मोठी आग लागली, परंतु वेदीमागचे मोझेक वाचले. काचेला सफेद्यासारखे काळवंडणे नाही. सोनेरी पार्श्वभूमीवर सिंहासनस्थ येशू, एका बाजूस मरिया, दुसऱ्या बाजूस हातात ग्रंथ घेतलेला योहान. येशूची आकृती दुसऱ्या कारागिरांनी आरंभिली होती. चिमाबुएच्या मजुरीच्या नोंदी फेब्रुवारीत थांबतात. मरियेची आकृती सुमारे दोन दशकांनंतर पिस्तोया गावच्या विन्चिनोने पूर्ण केली.