बाण वाकडा का जातो? कंपाउंड धनुष्याच्या जुळवणीविषयी



ऊसविकास अधिकाऱ्याने धनुष्यबाणावर लिहावे याचे काहींना नवल वाटेल. पण ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे हे दोघे कंपाउंड प्रकारात विश्वविजेते झाले, तेव्हापासून आपल्या गटांतली मुलेही या खेळाकडे वळली आहेत. अदितीचा सराव तर उसाच्या रानातल्या मैदानावर झाला.

धनुष्य महाग, बाणही महाग. ऊसबिलातून पैसे काढून ते घ्यायचे, आणि बाण फाकू लागले की पोर हिरमुसते व आपण पुन्हा खर्चात पडतो. ही चूक मी स्वतः केली आहे. मुलीचे बाण फाकायला लागले म्हणून नवे डझनभर बाण आणले. तेही फाकले! शेवटी पाहतो तर बाण टेकतो ती रेस्ट सैल होऊन सरकलेली. फाळ नवा बसवला तरी नांगराची जुळवणी चुकली तर तास वाकडेच पडणार, त्यातला प्रकार.

स्पर्धेत कंपाउंडचे अंतर ५० मीटर व दहा गुणांचे वर्तुळ अवघे ८ सेंटिमीटर व्यासाचे असते. धनुष्यातून सुटताना बाणाचे शेपूट हलले, तर एवढ्या अंतरावर त्याची किंमत मोजावी लागते. म्हणून खालील क्रमाने तपासावे.

१) सैलपणा : रेस्ट, साइट, स्टॅबिलायझर यांचे स्क्रू पाहावेत. दोरीचे धागे सुटले आहेत का ते पाहावे. निम्मे दोष येथेच सापडतात.

२) कॅम : धनुष्याच्या दोन्ही टोकांच्या चाकांना कॅम म्हणतात. यांच्यामुळेच पूर्ण ताण घेतल्यावर हाताला ओझे कमी लागते. दोन कॅमच्या धनुष्यात दोन्ही कॅम एकाच वेळी अडणीवर टेकले पाहिजेत. एक मागे राहिला तर बाण वर-खाली जातो. मूल ताण घेत असताना दुसऱ्याने बाजूला उभे राहून हे पाहावे.

३) बाणाचा ताठपणा : बाणावर ३४०, ४००, ५०० असा आकडा असतो. आकडा मोठा तितका बाण लवचिक. धनुष्याचा ताण वाढवला तर ताठ बाण लागतो. बाण कापून आखूड केला की ताठ होतो, टोक जड केले की मऊ वागतो. धनुष्य एकाचे व बाण दुसऱ्याचे, असे करू नये.

४) कागदाची परीक्षा : चौकटीवर कागद ताणून बसवावा. दीड-दोन मीटरवरून, छातीच्या उंचीवर, सरळ बाण मारावा. कागदामागे बाण पूर्ण पार होईल इतके अंतर सोडून गादी ठेवावी. टोकाचे गोल भोक व त्याभोवती पिसांच्या चिरा दिसल्या तर बाण सरळ गेला. पिसांची फाट भोकाच्या वर असेल तर रेस्ट केसभर वर घ्यावी. खाली असेल तर खाली. फाट डाव्या-उजव्या बाजूला असेल तर रेस्ट अगदी थोडी एका बाजूस सरकवून पाहावी. फाट कमी झाली तर तीच दिशा, वाढली तर उलट. तरीही फाट जाईना तर पिसांना टाल्कम पावडर लावून ती रेस्टला घासतात का पाहावे. मुलाची मूठ घट्ट आवळलेली असली तरी अशीच फाट पडते.

५) एका वेळी एकच बदल : प्रत्येक बदलानंतर तीन बाण मारावेत व वहीत टिपून ठेवावे. खत आणि पाणी दोन्ही एकदम बदलले तर पीक कशाने सुधारले हे कळत नाही, तसेच हे.

दोन इशारे. बाण लावल्याशिवाय दोरी ओढून कधीही सोडू नये. लिंब फुटून डोळा जाऊ शकतो. आणि दोरी किंवा कॅम काढायचे काम प्रेस असलेल्या जाणकाराकडूनच करून घ्यावे, घरी पान्हा घेऊन बसू नये. स्पर्धेत ६० पौंडांपर्यंत ताण चालतो म्हणून लहान मुलाच्या धनुष्याला तेवढा लावण्याचा हट्टही नको. अंगाला झेपेल तेवढाच ठेवावा.

नवे बाण घेण्यापूर्वी एक कागद फाडून पाहा, इतकेच सांगणे.

आपला,
ऊसविकास अधिकारी