मामलेदार, वकील आणि संत

आरम नदीकाठच्या सटाण्यात मार्गशीर्ष वद्य एकादशीस जी यात्रा भरते ती ज्यांनी पाहिली आहे, त्यांना सरकारी अंमलदाराचेही देऊळ असू शकते याचे नवल उरलेले नसते. यशवंत महादेव भोसेकर हे इंग्रजी अमदानीत येथे मामलेदार होते. १८७०-७१ च्या दुष्काळात रयतेची अन्नान्नदशा झाली, तेव्हा वरिष्ठांच्या हुकुमाची वाट न पाहता त्यांनी सरकारी खजिना उघडून तो तिला वाटला, आणि पुढे तपासणीस आलेल्या अधिकाऱ्यांना तिजोरीत एका पैचीही तूट आढळली नाही, अशी कथा सटाण्याभोवतीच्या बागलाणात घरोघर सांगितली जाते. १८८७ साली ते नाशिकास निवर्तले. परंतु लोकांनी देवमामलेदार म्हटलेल्या या माणसापाशी मागणे घेऊन येणाऱ्यांची रांग त्यामुळे खंडित झाली नाही.

कॅथलिक ख्रिस्ती लोक आपल्या संतांपाशी जे मागतात ते सटाण्याच्या माणसाला या अनुभवावरून चटकन उमगल्यासारखे वाटते, आणि नेमकी तेथेच गफलत होते. देवमामलेदारांच्या कमरेला खजिन्याची किल्ली होती. कॅथलिक धर्ममताप्रमाणे संताकडे कोणत्याच खजिन्याची किल्ली नसते. तो स्वतः काही देत नाही, देऊ शकत नाही. त्याने करावयाची ती केवळ प्रार्थना, आणि तीही ज्या ईश्वरापाशी आपण करतो त्याच ईश्वरापाशी. संतमालिकेची जी दीर्घ प्रार्थना चर्चमध्ये म्हटली जाते तिच्यात हा भेद क्रियापदातच ठसठशीत उमटला आहे: ईश्वराला उद्देशून मागितली जाते ती दया, तर येशूची माता मारिया हिच्यापासून पुढे एकेका संताचे नाव घेऊन मागितले जाते ते एवढेच, की त्याने आमच्यासाठी विनंती करावी. धर्मशास्त्र्यांनी याकरिता दोन निराळे शब्दही राखून ठेवले आहेत. ईश्वराची ती आराधना, म्हणजे लात्रिया, आणि संतांचा तो सन्मान, म्हणजे दुलिया. मारियेचा सन्मान इतर संतांहून वरचा, तथापि तोही सन्मानच.

मग हा मध्यस्थ हवाच कशाला? या प्रश्नाला भाविक मंडळी जे उत्तर पुष्कळदा देतात ते कचेरीच्या भाषेतले असते: हुजुरांपाशी अर्ज करायचा तर वकील लागतो, शिफारस लागते. उपमा सोयीची आहे, पण तिने विषयाचा घात होतो; कारण वकील लागतो तो न्यायाधीशाला प्रकरण ठाऊक नसते म्हणून, आणि शिफारस लागते ती अधिकाऱ्याचे मन आपल्याकडे नसते म्हणून, तर ईश्वराच्या ठायी अज्ञान वा पक्षपात यांपैकी काहीही कल्पिणे हा कॅथलिकांच्या दृष्टीनेही प्रमादच होय. तेराव्या शतकातील संत थॉमस अक्वायनस यांनी मांडलेला विचार असा, की प्रार्थना ईश्वराचा संकल्प पालटण्यासाठी नसून, जे प्रार्थनेच्या द्वारेच मिळावे असा त्याचाच संकल्प आहे ते मिळविण्यासाठी असते. आम्हाला तर याहून जवळचा दृष्टांत आपल्या घराघरांत दिसतो. घरात मूल तापाने फणफणलेले असावे आणि आईने शेजारच्या वृद्धेला सांगावे, काकू, देवापाशी दिवा लावाल तेव्हा आमच्या बाळाचेही नाव घ्या. तिने काकूंना देव मानलेले नसते, आणि स्वतः हात जोडायचेही सोडलेले नसते. कॅथलिकांचे म्हणणे एवढेच, की काकू निवर्तल्या तरी हे सांगणे थांबण्याचे कारण नाही, कारण ख्रिस्तात मरण पावलेला मनुष्य श्रद्धावंतांच्या कुटुंबातून वजा होत नाही.

नाशिक जिल्ह्यातल्या वाचकाला हे सारे काहीसे अपरिचित वाटण्याचे एक ऐतिहासिक कारण आहे. नाशिकजवळचे शरणपूर वसविले ते प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांनी, आणि मराठी वाचकाला ख्रिस्ती धर्माचा घरगुती परिचय झाला तोही बव्हंशी रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई या प्रॉटेस्टंट दांपत्यामुळे. त्या पंथाला संतांची मध्यस्थी मान्य नाही. ईश्वर आणि मनुष्य यांच्यामध्ये ख्रिस्त हा एकच मध्यस्थ, असे पौलाने तिमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात स्पष्ट सांगितले आहे, त्यावर त्यांचा भर. तर त्याच अध्यायाच्या आरंभी सर्व माणसांसाठी प्रार्थना करण्यास पौलच सांगतो, मग एकाने दुसऱ्यासाठी केलेली विनंती ख्रिस्ताच्या आड कशी येते, हा कॅथलिकांचा प्रतिप्रश्न. पृथ्वीवरील माणसाला विनंती करणे निराळे आणि परलोकीच्या माणसाला हाक मारणे निराळे, असे प्रॉटेस्टंट त्यावर म्हणतात, आणि हा वाद सोळाव्या शतकापासून तेथेच अडला आहे. १५६३ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने संतांना अशी हाक घालणे चांगले व उपयुक्त ठरविले. चांगले व उपयुक्त या शब्दांचा माफकपणा मात्र दोन्ही बाजूंच्या उत्साही मंडळींच्या नजरेतून निसटतो.

शास्त्राचा हा माफकपणा जत्रेत टिकत नाही. मारियेचा जन्मदिवस ८ सप्टेंबर. त्या सुमारास वांद्र्याच्या टेकडीवर मोतमाऊलीची जत्रा भरते, तेव्हा वाटेवरच्या दुकानांतून मेणाचे हात, मेणाचे पाय, मेणाची बाळे आणि मेणाची चिमुकली घरे मांडलेली असतात. ज्याचा पाय दुखतो त्याने पाय घ्यावा, ज्याला मूल नाही त्याने बाळ, आणि मुंबईत राहावयास जागा नाही त्याने घर. घेणाऱ्यांत ख्रिस्ती किती आणि इतर किती हे चेहऱ्यांवरून सांगता येत नाही. माहीमच्या सेंट मायकेल चर्चमध्ये १९४८ पासून दर बुधवारी चालत आलेल्या निरंतर साहाय्यमातेच्या, म्हणजे मारियेच्याच, नोव्हेना नावाच्या प्रार्थनेलाही हीच सरमिसळ. धर्मगुरू व्यासपीठावरून सांगतात की माता केवळ विनंती करते. खाली उभी असलेली बाई मातेलाच सांगते, तू दे. तिला चूक ठरविण्याचे धैर्य आमच्यापाशी नाही. जाता जाता एक सांगावयास हवे: दर फेब्रुवारीत नाशिकरोडला ज्याच्या यात्रेस लोक लोटतात तो बाल येशू या हिशेबात बसत नाही, कारण तो संत नव्हे, ख्रिस्त; म्हणून तेथे होते ती आराधनाच.

मध्यस्थीला आणखी एक अंग आहे, आणि ते बाहेरच्यांना फारसे माहीत नसते. रोमला एखाद्याला संतपदी बसवावयाचे असते तेव्हा मध्यस्थी हाच पुरावा धरला जातो. त्याच्या नावाने प्रार्थना केली आणि वैद्यकाला उलगडा न होणारी व्याधी बरी झाली, असे तहकीकातीत ठरले, तर तो ईश्वरासन्निध आहे असा निष्कर्ष काढतात. पूर्वी या खटल्यात हरकती घेण्यासाठी एक खास अधिकारी नेमलेला असे, आणि लोक त्याला सैतानाचा वकील म्हणत. १९८३ च्या सुधारणेत त्याचे महत्त्व पुष्कळ कमी झाले. आपल्या वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया १५९७ साली नागासाकीस क्रुसावर मारले गेले आणि संत ठरले १८६२ साली. गोव्यात बाणावलीस जन्मून श्रीलंकेत देह ठेवणारे जोसेफ वाझ यांना १७११ नंतर २०१५ पर्यंत थांबावे लागले, आणि त्यांच्या बाबतीत पोप फ्रान्सिस यांनी संतपदासाठी लागणाऱ्या दुसऱ्या चमत्काराची अट आपल्या अधिकारात माफ केली. मदर तेरेसांच्या वेळी तर बंगालमधील एका आदिवासी स्त्रीच्या पोटातली गाठ प्रार्थनेने गेली की औषधाने, यावरून तिच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनीच उघड हरकत घेतली होती. तरी २००३ साली त्यांना धन्य आणि २०१६ साली संत घोषित करण्यात आले.

सटाण्याला असे दफ्तर कधी उघडावे लागले नाही. लोकांनी मामलेदाराला देव म्हटले आणि तो ठराव त्याच दिवशी मंजूर झाला. तहकीकात झाली ती एकदाच, आणि तीही तिजोरीची.