पोथ्यांच्या अंकीय प्रती : अनेक डिस्कांच्या पेटीची मांडणी आणि तिच्या मर्यादा

महानुभाव परंपरेनुसार म्हाइंभटांच्या 'लीळाचरित्रा'ची मूळ पोथी परचक्राच्या धामधुमीत नष्ट झाली आणि पुढे शिष्यांच्या स्मरणातून ती पुन्हा सिद्ध करावी लागली. एकाच प्रतीवर विसंबण्याचे मोल किती असते, हे मराठीच्या अभ्यासकाला वेगळ्या दाखल्याने सांगावयास नको. 5 जानेवारी 2004 रोजी पुण्यातील भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेवर झालेल्या हल्ल्याने हा धोका आपल्या काळातही टळलेला नाही, हे दाखवून दिले. पोथ्यांची अंकीय छायाचित्रे घेणे म्हणूनच आवश्यक ठरते. परंतु ती ठेवावयाची कोठे व कशी, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम आकारमान पाहू. ए-4 आकाराचे एक पृष्ठ इंचाला 600 बिंदू या प्रमाणात रंगीत व असंक्षेपित स्वरूपात टिपल्यास सुमारे 104 मेगाबाइट जागा व्यापते. 300 पत्रांच्या पोथीची 600 पृष्ठे होतात, म्हणजे सुमारे 62 गिगाबाइट. 4 टेराबाइटच्या एका डिस्कवर अशा साठेक पोथ्या मावतात. संग्रह मोठा असल्यास अनेक डिस्का एका बाह्य पेटीत बसवाव्या लागतात.

या डिस्कांच्या मांडणीला 'रेड' म्हणतात. तिचे प्रमुख प्रकार तीन. 'रेड 0' मध्ये मजकूर तुकड्यातुकड्यांनी सर्व डिस्कांवर वाटला जातो. जागा पूर्ण मिळते, परंतु एक डिस्क बिघडताच सारेच जाते. संशोधनसामग्रीसाठी हा प्रकार त्याज्य होय. 'रेड 1' मध्ये दोन्ही डिस्कांवर तोच मजकूर उमटतो. 4 टेराबाइटच्या दोन डिस्कांतून 4 टेराबाइटच जागा मिळते. 'रेड 5' ला किमान तीन डिस्का लागतात. तीत मजकुराबरोबर ताळ्याची माहिती लिहिली जाते. तीन संख्यांपैकी एक पुसली गेली, तरी बेरीज ठाऊक असल्यास ती शोधता येते, तसेच हे. अशा चार डिस्कांतून 12 टेराबाइट मिळतात आणि एक डिस्क गेली तरी मजकूर वाचतो.

मांडणीचा क्रम महत्त्वाचा आहे. समान क्षमतेच्या रिकाम्या डिस्का पेटीत बसवून प्रकार आधी निवडावा, कारण नंतर तो बदलताना सामान्यतः सर्व मजकूर पुसला जातो. मग पेटी संगणकाला जोडून फॉरमॅट करावी. विंडोजसाठी एनटीएफएस योग्य ठरते. लिहिणे चालू असता वीज गेल्यास मजकूर बिघडू शकतो, म्हणून यूपीएस जोडणे इष्ट.

येथे आणखी एक सावधगिरी हवी. काही पेट्या मजकूर स्वतःच्याच पद्धतीने मांडतात. पेटी नादुरुस्त झाली तर डिस्का शाबूत असूनही दुसरीकडे वाचता येत नाहीत. सकळ लिपीची किल्ली हाती येईपर्यंत महानुभावीय ग्रंथ संप्रदायाबाहेरील वाचकांस असेच बंद होते. पेटीचा प्रकार व मांडणी यांची लेखी नोंद म्हणूनच ठेवावी.

तथापि 'रेड' म्हणजे स्वतंत्र प्रत नव्हे, हा या विवेचनाचा मुख्य मुद्दा आहे. पेशवेकाळी कात्रजच्या तलावाचे पाणी भुयारी नळाने शनिवारवाड्यापर्यंत व पेठांतील हौदांपर्यंत आणले गेले. हौद अनेक असले तरी उगम एकच. तलाव गढूळ झाला तर गढूळपणा प्रत्येक हौदात उतरणार. 'रेड 1' मध्येही चुकून पुसलेली फाइल त्याच क्षणी दोन्ही डिस्कांवरून पुसली जाते. आग, चोरी अथवा संगणकीय विषाणू यांपासूनही ही मांडणी रक्षण करीत नाही. ती केवळ डिस्कच्या बिघाडावरील उपाय आहे.

म्हणून तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यांतील एक अन्य स्थळी, हा नियम पाळावा. कात्रजच्या संग्रहाची एक प्रत दुसऱ्या गावी असलेली बरी. प्रत्येक फाइलची एसएचए-256 ही अंकीय खूण नोंदवून ठराविक काळाने प्रती ताडून पाहाव्यात. प्रतीप्रतींची तुलना करून शुद्ध पाठ ठरविणे ही पाठचिकित्सेची जुनीच रीत आहे; येथे फक्त साधन बदलले आहे.